दोन टीव्ही आणि एक तिरकी खुर्ची

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या बैठकीच्या खोलीतील टीव्ही अकरा वर्षांच्या सेवेनंतर बंद पडला असून त्याच्या जागी ४३ इंची नवा संच घ्यायचा आहे. बजेटमध्ये बसणारे दोन संच मी निवडले आहेत आणि त्यांच्या किमतीत नावापुरताच फरक आहे. कंपन्यांची नावे मुद्दाम लिहीत नाही. त्यांना ‘क’ आणि ‘ख’ म्हणतो. दोन्ही संच फोर-के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचे) आहेत, दोन्हींचा उजळपणा ३०० निट (निट हे उजळपणाचे माप) आणि रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा, ६० हर्ट्‌झ असा छापला आहे. ‘क’मध्ये व्हीए प्रकारचे पॅनेल (चित्र उमटवणारा पडदा), ४०००:१ कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते प्रमाण), एचडीआर-१० आणि डॉल्बी व्हिजन (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला असलेल्या एचडीआर चित्राचे दोन प्रकार), २ जीबी रॅम, १६ जीबी स्टोरेज आणि ३० वॅटचे स्पीकर आहेत, वॉरंटी एक वर्षाची आहे. ‘ख’मध्ये आयपीएस पॅनेल, १०००:१ कॉन्ट्रास्ट, फक्त एचडीआर-१०, १.५ जीबी रॅम, ८ जीबी स्टोरेज आणि २० वॅटचे स्पीकर आहेत. वॉरंटी दोन वर्षांची आहे. मी एक तक्ता केला, बरोबरीच्या ओळी वगळल्या आणि उरलेल्या बारा ओळींना प्रत्येकी एक गुण दिला, तेव्हा ‘क’ला आठ आणि ‘ख’ला चार गुण मिळाले. तरीही मनाची खात्री पटत नाही. दिवसभर घरात बातम्या आणि खेळांचे सामने चालू असतात. रात्री मुलगी दिवे मालवून चित्रपट पाहते. सोफा टीव्हीच्या समोर नऊ फुटांवर आहे. वडील मात्र खिडकीपाशी आपल्या ठरलेल्या आरामखुर्चीतच बसतात, ती जरा तिरकी पडते. कोणता संच घ्यावा? – एक वाचक

उत्तर : आपला तक्ता मी काळजीपूर्वक वाचला. नोंदी अचूक आहेत आणि बेरीजही बरोबर आहे. पण त्यात रॅमच्या ओळीला एक गुण आणि पॅनेलच्या ओळीलाही एकच गुण आहे, आणि हिशेब तिथेच फसला आहे. रॅम कमी पडू लागली तर दोन वर्षांनी एचडीएमआय पोर्टमध्ये एक स्ट्रीमिंग स्टिक (इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर आणणारे छोटे यंत्र) लावून काम भागते. आवाज पुरेना झाला तर साउंडबार जोडता येतो. पॅनेल मात्र घरी आणल्या दिवशी जे असेल, तेच संच भंगारात जाईपर्यंत राहते. म्हणून कमी किमतीचा संच निवडताना मी गुण मोजत नाही. जे पुढे बदलता येणार नाही ते आधी पाहतो आणि बाकीच्याकडे नंतर वळतो. या नजरेने पाहिले तर आपल्या बारा ओळींतील जेमतेम तीन शिल्लक राहतात, आणि सर्वांत वजनदार ओळ तर तक्त्यात नाहीच. ती पत्राच्या शेवटी, जाता जाता आली आहे : वडिलांची खुर्ची तिरकी पडते.

किती तिरकी, हे प्रथम मोजावे लागेल. टीव्हीच्या भिंतीपासून खुर्चीपर्यंतचे सरळ अंतर, आणि टीव्हीच्या मध्यरेषेपासून खुर्ची किती बाजूला आहे ते अंतर, अशी दोन मापे टेपने घ्या. खुर्ची नऊ फूट पुढे आणि सहा फूट बाजूला असेल तर वडील पडदा सुमारे ३४ अंशांतून पाहतात. दोन्ही अंतरे सारखी भरली तर कोन ४५ अंशांचा होतो. पंधरा-वीस अंशांपर्यंत दोन्ही पॅनेलांबद्दल तक्रार करण्यासारखे काही नसते. पंचवीस-तीस अंशांच्या पुढे मात्र स्वस्त व्हीए पॅनेलवरचे चित्र फिके पडू लागते : काळा कोट राखाडी दिसतो, चेहऱ्यांचा रंग एक पाणी जास्त दिलेल्या कपड्यासारखा उतरतो आणि मैदानावरची गडद हिरवळ पोपटी होते. आयपीएस पॅनेलवर त्याच जागेवरून रंग बरेचसे जसेच्या तसे राहतात, फक्त उजळपणा थोडा घटतो.

या फरकाचे कारण पॅनेलच्या पोटात आहे. दोन्ही प्रकारांत मागून पांढरा उजेड येतो आणि द्रवस्फटिकांचे रेणू त्याला पुढे सोडतात किंवा अडवतात. व्हीए पॅनेलमध्ये विद्युतदाब नसताना हे रेणू काचेला काटकोनात उभे असतात आणि त्या स्थितीत उजेड चांगला अडतो, म्हणून त्याचा काळा रंग खरोखर काळा दिसतो. चित्र उमटवण्यासाठी ते कलतात, आणि कललेला रेणू समोरून एक दिसतो नि बाजूने दुसराच. रंग फिके पडतात ते यामुळे. आयपीएसमध्ये रेणू काचेला समांतर आडवे असतात आणि त्याच पातळीत फिरतात, त्यामुळे बाजूने पाहणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाही; मात्र काळ्या भागातून थोडा उजेड झिरपत राहतो आणि अंधाऱ्या खोलीत काळ्याचा राखाडी होतो. एकाचा गुण हीच दुसऱ्याची उणीव आहे, आणि या किमतीत दोन्ही गुण एकत्र मिळतील अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

आपण म्हणाल की दोन्ही माहितीपत्रकांत ‘पाहण्याचा कोन १७८ अंश’ असेच छापले आहे. छापले आहे आणि ते खोटेही नाही. हा आकडा ज्या कसोटीने काढतात तीच इतकी सैल आहे की तिच्यात कोणीही उत्तीर्ण होतो : ज्या कोनातून कॉन्ट्रास्ट १०:१ पर्यंत टिकून आहे तिथपर्यंत ‘दिसते’ असे मानायचे. समोरून ४०००:१ असलेला कॉन्ट्रास्ट १०:१ वर आला म्हणजे चारशे भागांतला एकच भाग उरला, तरी कागदावर कोन १७८ अंशांचाच राहतो. रंगांचे काय झाले हे तर त्यात विचारलेलेही नसते. ही ओळ आपण बरोबरीत सोडवून तक्त्यातून वगळली आहे. ती वगळू नका. उलट छापील आकडा खोडून तिथे डोळ्यांनी पाहिलेले लिहा.

आता ४०००:१ आणि १०००:१ यांतील फरकाकडे वळू, कारण ‘क’च्या बाजूचा खरा मुद्दा तोच आहे. ३०० निटच्या पांढऱ्याला ४००० ने भागले की ‘क’चा काळा ०.०७५ निट येतो. ‘ख’चा काळा ०.३ निट, म्हणजे चौपट उजळ. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्याला हा फरक पहिल्याच काळोख्या प्रसंगात दिसेल. दिवसा मात्र खिडकीचा उजेड पडद्यावर पडतो आणि त्यातला काही भाग परत फिरतो. हा परावर्तित उजेड सव्वा निट धरला, तर तो पांढऱ्यात मिसळतो आणि काळ्यातही मिसळतो. मग ‘क’चा प्रत्यक्ष कॉन्ट्रास्ट सुमारे २२७:१ उरतो आणि ‘ख’चा सुमारे १९४:१. दिवसाच्या बातम्या आणि सामने पाहताना चौपटीचा डामडौल असा एका खिडकीने संपवला. म्हणजे आपल्या घरात ‘क’चा मोठा गुण रात्रीच्या दोन-तीन तासांपुरता आहे आणि ‘ख’चा गुण दिवसभर, वडील खुर्चीत बसलेले असेपर्यंत, कामाला येणार आहे.

त्यातही रात्रीच्या अडचणीवर घरगुती उपाय आहे. टीव्हीच्या मागे, पडद्यावर उजेड पडणार नाही अशा बेताने, पांढऱ्या उजेडाचा एक मंद दिवा भिंतीकडे तोंड करून ठेवला की भिंत किंचित उजळते, आणि तिच्या तुलनेत पडद्यावरचा राखाडी काळा वाटू लागतो. पॅनेल तेच असते, फसतो तो डोळा. पण चित्रपट शेवटी डोळ्यांनीच पाहायचा असतो. तिरक्या कोनावर असा उपाय नाही. भिंतीवर फिरता स्टँड बसवून टीव्ही वडिलांकडे वळवला तर सोफ्यावरचे तिरके होतात, आणि आरामखुर्ची हलवण्याची सूचना मी करणार नाही. माझ्याकडे पूर्वी असाच एक व्हीए संच होता. तो मी दुकानात समोर उभे राहून, काळा रंग पाहून पसंत केला होता, आणि पुढे कित्येक महिने आई खुर्चीचा एक पाय पुढे ओढून टीव्ही पाहत असे, हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

तेव्हा कोन २५ अंशांच्या वर भरत असेल तर ‘ख’ घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. तो वीसच्या आत निघाला तर मी शब्द फिरवीन आणि ‘क’ म्हणेन. मधल्या पाच अंशांत सापडलात तर वडिलांना दुकानात घेऊन जा.

डॉल्बी व्हिजनच्या गुणाबद्दल थोडे लिहायला हवे, कारण बहुतेक लोक तिथेच अडकतात. एचडीआर चित्रपट तयार करताना त्यातील सर्वांत तेजस्वी भाग बहुधा १००० निटपर्यंत, काही चित्रपटांत ४००० निटपर्यंत बेतलेले असतात, तर साध्या चित्रासाठी स्टुडिओतील मापदंड १०० निटचा असतो. आपले दोन्ही संच ३०० निटचे. खोक्यावरच्या चिन्हाचा अर्थ एवढाच की हा संच त्या प्रकारचा सिग्नल वाचू शकतो. वाचलेले सगळे दाखवू शकतो असा नाही. एचडीआर-१० मध्ये संपूर्ण चित्रपटासाठी उजळपणाची एकच सूचना येते आणि डॉल्बी व्हिजनमध्ये ती प्रसंगागणिक बदलते, त्यामुळे ३०० निटमध्ये चित्र दाबून बसवण्याचे काम ‘क’ थोडे अधिक समजुतीने करील हे खरे. पण जो उजेड बॅकलाइटमध्येच, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांतच नाही, तो चिन्हातून येत नाही. या ओळीला गुण द्यायचाच असेल तर पाव द्या. एचडीआर चालू केल्यावर चित्र उलट काळपट वाटू लागले तर गोंधळू नका, कमी उजळ संचांत असे घडते. अशा वेळी ॲपच्या किंवा टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन एचडीआर बंद करण्यात कसलाही कमीपणा नाही.

आवाजाची ओळ तर मी खोडूनच टाकीन. ३० वॅट हा आकडा २० वॅटच्या दीडपट असला तरी कानाला तो दीडपट मोठा वाटत नाही. दीडपट शक्तीने आवाजाची पातळी दोन डेसिबलपेक्षाही कमी वाढते, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती, लागते. शिवाय दोन्ही संचांचे स्पीकर पातळ कवचात खालच्या बाजूला तोंड करून बसवलेले असणार. बोलणे अस्पष्ट येत असेल तर ते वॅट कमी पडल्यामुळे नव्हे, या बसवणीमुळे येते. पुढेमागे साउंडबार जोडायचा झाला तर एखाद्या एचडीएमआय पोर्टपाशी ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज त्याच तारेने साउंडबारकडे पाठवण्याची सोय) ही अक्षरे आहेत ना, एवढे आजच पाहून ठेवा, म्हणजे एका तारेत आणि एका रिमोटवर काम होते.

रॅम आणि स्टोरेज यांबाबत मात्र ‘ख’ची बाजू खरोखर लंगडी आहे आणि ती मी झाकणार नाही. ८ जीबीतील बरीचशी जागा मूळ प्रणालीच व्यापते. उरलेल्या जागेत चार-पाच ॲप बसतात आणि प्रत्येक अपडेटबरोबर ती फुगत जातात. १.५ जीबी रॅममध्ये एक ॲप सोडून दुसरे उघडले की पहिले मिटून जाते आणि परत आलात की सुरुवातीपासून उघडते. आज हे चालून जाईल. दोन-तीन वर्षांनी रिमोटचे बटण दाबून वाट पाहण्याची वेळ येईल. तेव्हा स्ट्रीमिंग स्टिक लावा. म्हणून ‘ख’चे एचडीएमआय पोर्ट किती हे नक्की पाहा : सेट टॉप बॉक्सला एक, साउंडबारला एक आणि पुढच्या स्टिकला एक असे तीन हवेत. तीनऐवजी दोनच निघाले तर मला ‘ख’बद्दल पुन्हा विचार करावासा वाटेल, कारण पोर्टही नंतर वाढवता येत नाहीत.

वॉरंटीत दुसरे वर्ष पॅनेललाही लागू आहे का, हे वॉरंटीच्या कार्डावर वाचा. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. पॅनेल फुटले किंवा त्यात रेघा आल्या तर नव्या पॅनेलचा खर्च बहुधा नव्या टीव्हीच्या जवळ जातो. बॅकलाइटचे तसे नाही. स्वस्त संचांत पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि एका पट्टीतील दिवे एकापाठोपाठ एक जोडलेले असल्याने एक दिवा तुटला की सगळी ओळ विझते, कधी पूर्ण पडदाच काळा होतो आणि आवाज मात्र चालू राहतो. अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्याला चिकटवून टॉर्च मारा; मंद चित्र हलताना दिसले तर पॅनेल शाबूत आहे आणि फक्त पट्ट्या बदलायच्या आहेत. त्या दीर्घकाळ टिकाव्यात म्हणून घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी बॅकलाइट शंभरावरून साठ-सत्तरवर आणा. खोलीत भरपूर ऊन येत नसेल तर एवढा उजेड पुरतो आणि पट्ट्या कमी तापतात.

शेवटचे काम दुकानातले. तिथे सगळे संच ‘व्हिविड’ प्रकारात, निळसर झाक देऊन, उजळपणा टोकाला नेऊन लावलेले असतात, आणि त्या स्थितीत शेजारी शेजारी पाहिले की जो जास्त निळा तोच चांगला वाटतो. दोन्ही संच ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ प्रकारात लावून मागा. सोबत पेन ड्राइव्हवर आपल्याच दोन चित्रफिती न्या : एकीत कोणी तरी समोर बघून बोलत असावे आणि दुसरीत रात्रीचा प्रसंग असावा. पहिली फीत लावून समोरून सुरुवात करा आणि बोलणाऱ्या चेहऱ्यावर नजर ठेवून हळूहळू बाजूला चालत जा; चेहरा ज्या पावलाला उतरतो ते पाऊल लक्षात ठेवा. मग पडदाभर करडा रंग लावून तो मळकट डाग किंवा उभे पट्टे दाखवतो का पाहा, कारण मैदानावर कॅमेरा फिरला की तेच पट्टे हिरवळीवरून सरकत जातात.

एक तपासणी थोडी विचित्र वाटेल, पण ती जरूर करा. एकाच मालिकेतील वेगवेगळ्या इंचांच्या संचांत पॅनेलचा प्रकार वेगळा असू शकतो, आणि एकाच मॉडेलमध्येही कधी कधी तो बदलतो. म्हणून पडद्यावर पांढरा रंग लावा आणि भिंग घेऊन अगदी जवळून पाहा. लाल, हिरवे, निळे असे बारीक कण दिसतील. ते कण सरळ उभ्या विटांसारखे असतील तर पॅनेल बहुधा व्हीए. बाणाच्या टोकासारखे वाकलेले किंवा तिरपे असतील तर बहुधा आयपीएस. काही स्वस्त आयपीएस फोर-के पॅनेलांत या तिघांमध्ये चौथा पांढरा कणही असतो. त्यामुळे उजळपणा वाढतो, पण रंगीत कणांची संख्या घटते आणि फोर-के हे नाव अर्धवट उरते. नऊ फुटांवरून ते आपल्याला जाणवणार नाही. टीव्हीला संगणक जोडून त्यावर काम करायचे असेल तर मात्र अक्षरांच्या कडा खरबरीत दिसतील. भिंग घेऊन टीव्हीपाशी वाकलेल्या गिऱ्हाइकाकडे विक्रेते जरा चमकून बघतात, ते बघू द्यावे.

प्रश्न : झोपण्याच्या खोलीसाठी ३२ इंची टीव्ही घ्यायचा आहे. एक संच ‘एचडी रेडी’ आहे आणि दुसरा, थोडा महाग, ‘फुल एचडी’. पहिल्याच्या खोक्यावरही ‘१०८०’ हा आकडा आहे, मग फरक कशाचा? पलंग टीव्हीपासून आठ फुटांवर आहे. – एक वाचक

उत्तर : पहिल्याच्या खोक्यावरचा ‘१०८०’ हा संच कोणता सिग्नल स्वीकारतो ते सांगतो, पडद्यावर त्याचे ठिपके १३६६ गुणिले ७६८, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपासच आहेत. फुल एचडीचे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. संख्या जवळजवळ दुप्पट आहे, प्रश्न ती आपल्या डोळ्यांना पोचते का एवढाच आहे.

निरोगी दृष्टीला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. ३२ इंची पडद्याची रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटर असते. तीत १३६६ ठिपके बसवले तर प्रत्येक ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा होतो आणि सुमारे सहा फुटांपलीकडे तो शेजारच्या ठिपक्यात मिसळून जातो. आपला पलंग आठ फुटांवर आहे. तिथून फुल एचडीचे जादा ठिपके मोजणारा डोळा मिळणे कठीण आहे, तेव्हा वाचलेले पैसे ज्या संचाचे पॅनेल बाजूने चांगले दिसते त्यावर खर्च करावेत. पलंगावर आडवे होऊन पाहणाऱ्यांना त्याचा उपयोग अधिक.

अपवाद एकच. या टीव्हीला कधी संगणक जोडून जवळ बसून काम करायचा किंवा मुलांचा अभ्यास घेण्याचा विचार असेल तर फुल एचडीच घ्या. हात-दोन हातांवरून एचडी रेडी पडद्यावरची बारीक अक्षरे फुटलेली दिसतात, आणि देवनागरीत तर मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात.

प्रश्न : दोन फोर-के संचांपैकी एकाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१२०’ असा गतीचा आकडा छापला आहे; दुसऱ्यावर ‘६० हर्ट्‌झ’ आहे. किंमत सारखीच आहे. १२० वाला घेणे शहाणपणाचे नव्हे का? – एक वाचिका

उत्तर : आकड्यापुढे ‘हर्ट्‌झ’ हा शब्द आहे की ‘मोशन’, ‘रेट’, ‘इंडेक्स’ अशा नावांनी कंपनीने स्वतः बनवलेले माप आहे, ते पाहा. हर्ट्‌झ म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने रंगवले जाते याची मोजणी, आणि ती पॅनेलची असते. कंपनीच्या स्वतःच्या मापात मधल्या चौकटी (फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रे) तयार करणारी प्रक्रिया, बॅकलाइटची उघडझाप असे काहीबाही मिसळून मूळ ६० चे १२० किंवा त्याहूनही मोठे आकडे केलेले असतात. कमी किमतीच्या संचांत खरे पॅनेल बहुतेक ६० हर्ट्‌झचेच असते, आणि आपल्या दोन्ही संचांची किंमत सारखी आहे, यावरून पहिला संच त्याला अपवाद असेल असे मला वाटत नाही.

खात्री करायची असेल तर मॉडेलच्या तांत्रिक माहितीत ‘रिफ्रेश रेट’ किंवा ‘नेटिव्ह’ या शब्दापुढचा आकडा शोधा. तो आकडाच सापडत नसेल तर ६० समजून चाला.

पॅनेल खरोखर १२० हर्ट्‌झचे निघाले तर मात्र त्याचा एक फायदा खरा आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. ६० ला २४ ने नि:शेष भाग जात नाही, म्हणून साधा संच एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दाखवत जातो, आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरत असेल तेव्हा चित्र अडखळल्यासारखे वाटते. १२० मध्ये प्रत्येक चौकट बरोबर पाचदा बसते आणि हे अडखळणे थांबते. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांनाही १२० हर्ट्‌झचा उपयोग होतो, मात्र त्यासाठी गेमचे यंत्र आणि टीव्हीचा तो एचडीएमआय पोर्ट, दोन्हींनी १२० चौकटी पेलायला हव्यात.

आपल्या पत्रात गेमचा उल्लेख नाही, मालिका आणि बातम्यांचा आहे. त्यांना ६० पुरेसे आहेत. ‘१२०’ छापलेला संच दुसऱ्या कारणांनी आवडला असेल तर खुशाल घ्या. घरी नेल्यावर चित्रपटातील माणसे स्टुडिओत उभी राहून बोलत आहेत अशी गुळगुळीत दिसू लागली, तर चित्राच्या सेटिंगमध्ये ‘मोशन’ नावाचा पर्याय सापडेल, तो बंद करा. ज्या आकड्याला भुलून लोक संच घेतात, तो बहुधा याच पर्यायाच्या जोरावर छापलेला असतो.